मानकऱ्यांची फळी

परवा काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, दिवाणखान्याला रंग द्यायचाय, फळीवरच्या सगळ्या वस्तू उतरवून परातीत ठेवल्यात, तुझा तो पत्रा तुला हवाय का? मी नको म्हणाले. फक्त एक चिठ्ठी काकांनी काढू दिली नाही म्हणे. रंगाऱ्याला म्हणाले, फळीच्या भोवतीने रंग द्या, घाई असेल तर दुसरं घर रंगवा. आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र माझे कान बराच वेळ गरम होते. एवढ्या वर्षांनी, तेही तळहाताएवढ्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावरून.

काका माझे घरमालक. मी वर्ध्याकडची, नोकरीसाठी पुण्यात आलेली. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेण्याचं. बिबवेवाडीत त्यांचं एका सोसायटीतलं दुमजली घर होतं. वरची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बघायला गेले. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "जरा वाकून या." दाराच्या आत लगेच विमानाची शेपटी होती.

खरंखुरं विमान. दोन माणसं बसतील एवढं, चकचकीत पत्र्याचं, अजून रंग न लागलेलं. त्याचं नाक पार स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलं होतं आणि शेपटी बाहेरच्या दाराशी आली होती. दोन्ही पंख एकदम जोडायला जागाच नव्हती. एक पंख सोफ्यामागे भिंतीला उभा आणि दुसरा छताला दोरांनी टांगलेला. आल्यागेल्याने त्या टांगलेल्या पंखाखाली बसून पोहे खायचे. देवघरात जायचं तर शेपटीखालून जावं लागायचं, त्यामुळे काकूंचा नमस्कार देव दिसायच्या आधीच सुरू व्हायचा. चांगल्या घरातली बाई रोज स्वतःच्या दिवाणखान्यात वाकून चालते याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. काकूंना वाटत नव्हतं. त्या म्हणायच्या, निदान घरात असतात.

काका तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचे आणि निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून हे बांधत होते. नकाशे बाहेरून मागवलेले, बाकी प्रत्येक तुकडा हाताने कापलेला. विमान हा शब्द ते कधी वापरत नसत, 'काम' म्हणत. काम चाललंय, काम थांबलंय. शेजारच्यांनी उडणार कधी असं विचारलं की म्हणत, आपण विचारायचं थांबलात की. खोली बघायला आलेल्या मुलीला इतर घरमालक गाव, जात, लग्न असं सगळं विचारतात. यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हात दाखवा." मला वाटलं, हेही एक. पण त्यांनी रेषा पाहिल्या नाहीत, मनगट पाहिलं. "बारीक आहे. रविवारी मोकळ्या असता का?"

पत्र्याला पत्रा जोडायला रिव्हेट ठोकतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून ठोकायचं, दुसऱ्याने आत हात घालून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिव्हेटचं टोक आतून चपटं बसतं. पंखाच्या टोकाकडे जागा अरुंद होत जाते. काकांचा हात तिथे जात नव्हता आणि काकूंच्या हातात बांगड्या. त्यामुळे माझं मनगट घरात आलं आणि त्याच्याबरोबर मी.

पहिल्याच रविवारी माझा ठोकळा सरकला. रिव्हेट वाकडा बसला आणि पत्र्याला पोचा पडला.  काकांनी शांतपणे रिव्हेट काढला, तेवढा पत्रा कापला, कडा कानशीने साफ केल्या. मग खिशातून सुतळी बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली आणि मला पूर्ण नाव विचारलं. पूर्ण म्हणजे वडिलांच्या नावासकट. ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, "काय झालं होतं?" मी म्हणाले, मला वाटलं ठोकळा बरोबर बसलाय. त्यांनी नावाखाली लिहिलं, 'अंदाज'. आणि माझा पत्रा चिठ्ठीसकट समोरच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगला.

तिथे प्लायवूडची एक मोठी फळी होती आणि तिच्यावर असे अनेक तुकडे लटकत होते. "हे आमचे मानकरी," काका म्हणाले. ज्या भिंतीवर लोक लग्नाचे फोटो लावतात त्या भिंतीवर या माणसाने लोकांच्या चुका लावल्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी ठोकाठोकीची तक्रार घेऊन आले होते, त्यांच्याच हातात ठोकळा दिला होता. त्यांचा रिव्हेट तिथे होता आणि कारण 'गप्पा'. काकूंनी एकदा ओला नॅपकिन शेपटीवर वाळत घातला, पत्र्यावर डाग पडला. नॅपकिन टांगलेला आणि कारण 'सवय'. सगळ्यात वर पंखाची एक लहान फासळी होती, पुढच्या टोकाला कात्री चुकलेली. ती त्यांच्या मुलीने शाळेत असताना कापली होती. कारण लिहिलं होतं, 'लक्ष दाराकडे'. बाहेर मैत्रिणी खेळायला बोलवत होत्या म्हणे. त्या चिठ्ठीवर मुलीच्या नावापुढे अर्थातच काकांचं नाव होतं, पण ते त्यांना खटकत नसावं. त्यांच्या स्वतःच्याही दोन-तीन चिठ्ठ्या होत्या. पण जुन्या, पिवळ्या पडलेल्या, पहिल्या वर्षांतल्या. त्यानंतर त्यांची एकही नव्हती आणि ते त्यांना माहीत होतं.

माझे बाबा वर्ध्याहून मला भेटायला आले आणि खाली चहाला बसले तेव्हा मी देवाला विनवत होते की यांनी फळीकडे बघू नये. बाबांनी पहिलं तेच पाहिलं. उठून जवळ गेले, माझं नाव वाचलं, त्यात मधे स्वतःचं नाव वाचलं, खालचा 'अंदाज' वाचला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा परत येऊन बसले आणि काकांना म्हणाले, "लहानपणापासून अशीच आहे जी." त्यावर काकांनी त्यांच्यासाठी दुसरा चहा मागवला. माझ्या लाजेवर त्या दोघांची दोस्ती झाली.

त्या 'जी'चीही मला लाज वाटली हे लिहायला हवं. पुण्यात आल्यावर मी माझी बोली घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. ऑफिसात कुणाला कळू नये की मी घरी 'करून राहिली' म्हणते. काकांना मात्र पहिल्या आठवड्यात कळलं होतं. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत, आणि ज्या माणसाला कुठल्याही गोष्टीवर बोलता येतं त्याने न बोलणं मला जास्त लागायचं.

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं ही वेगळी परीक्षा होती. कामाचं वजन वाढू नये हा त्यांचा ध्यास. स्क्रू मोजून नाही, तोलून घ्यायचे. एकदा घरचा काटा बिघडला तर विमानाचं चाक पिशवीत घालून मला मंडईत घेऊन गेले. ओळखीच्या बटाटेवाल्याच्या काट्यावर भर गर्दीत चाक ठेवलं. मागे बायका पिशव्या घेऊन ताटकळत होत्या. चाकाचं झाल्यावर म्हणाले, आता तुम्ही उभ्या राहा, मागच्या सीटवर किती भार धरायचा ते बघू. मी नाही म्हणाले. बटाटेवाला म्हणाला, ताई, लाजू नका, इथे पोती चढतात. मी चढले नाही, पण घरी येईपर्यंत काकांशी बोललेही नाही. त्यांना ते कळलंच नाही.

लाजेबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. लाज वाटलेली बरी असते, म्हणायचे. हात परत त्याच जागी आला की आपोआप थांबतो. मारून किंवा ओरडून तो थांबत नाही, हे त्यांनी शाळेत पाहिलं होतं. गंमत म्हणजे हे खरं निघालं. त्या 'अंदाज'नंतर माझा एकही रिव्हेट वाकडा बसला नाही. ऑफिसात आमच्याकडे चूक झाली की ती कुणाचीच नसते, 'प्रोसेस'ची असते. एका मीटिंगमध्ये मी सवयीने म्हणून गेले, ही चूक माझी, मी अंदाज केला. सगळे असे गप्प झाले की मी काहीतरी अश्लील बोलले असं वाटावं.

त्यांचा दुसरा नियम होता, ज्याने जोडलं त्याने तपासायचं नाही. आपल्या डोळ्यांना आपलं केलेलं बरोबरच दिसतं. विमान वळवायचा दांडा हलवून पंख तपासायचे तेव्हा आत बसलेल्याने फक्त दांड्याकडे बघायचं, पंखाकडे बघणारा वेगळा. मी आत बसून मान वळवली की लगेच आवाज यायचा, "तुमचं काम पुढे आहे."

इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमानाच्या दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला, टोकाशी, एक-एक हलती पट्टी असते. तिला एलरॉन म्हणतात. आत बसलेल्याने दांडा डावीकडे केला की डावी पट्टी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. दांड्यापासून या पट्ट्यांपर्यंत सीटखालून केबली जातात. त्या उलट जोडल्या गेल्या, तर डावीकडे नेलेलं विमान उजवीकडे कलतं. वैमानिक ते सावरायला दांडा आणखी डावीकडे नेतो आणि ते आणखी उजवीकडे पडतं. जमिनीजवळ असताना चूक समजायलाही वेळ मिळत नाही.

परवानग्यांना काम पूर्ण व्हायला लागली त्याहून जास्त वर्षं लागली असं काका म्हणत. सरकारी साहेब येऊन बघून गेले. त्यांना दाखवायला म्हणून आम्ही दिवाणखान्यात एकेक पंख आळीपाळीने लावला. केबली मी जोडायचे. काका शेपटीकडे, दारात उभे राहून तपासायचे, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच नव्हती. सगळं बरोबर होतं. मग पुण्याबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या खासगी धावपट्टीवर न्यायचं ठरलं. टेम्पोत घालण्यासाठी केबली सोडवल्या तेव्हा मी म्हणाले, दोन्ही टोकं सारखीच दिसतात, माझ्या नेलपॉलिशने खूण करू का? आमच्या धंद्यात अशी खूण आम्ही झोपेतसुद्धा करतो. काका म्हणाले, "नेलपॉलिश नखांना लावतात." 

विमान उडवणार होती त्यांची मुलगी. तीच, फासळीवाली. आता ती एका विमान कंपनीत वैमानिक होती आणि खास रजा काढून आली होती. मी तिला ताई म्हणायचे. मोठमोठी विमानं उडवणारी बाई, पण घरात शिरताना अजूनही त्या फळीकडे बघायचं टाळायची. मला म्हणाली, माझ्या मैत्रिणी घरी यायच्या ना, बाबा त्यांना आधी ती चिठ्ठी वाचून दाखवायचे. रागाने नव्हती सांगत. पण मला तिचं ते टाळणं ओळखीचं होतं.

धावपट्टीवर मोकळ्या आभाळाखाली काकांनी पंख लावले, सीटखाली आडवं होऊन केबली जोडल्या. सोसायटीची मंडळी मिनीबस करून आली होती. सेक्रेटरींनी पेढे आणले होते आणि मोबाइलवर चित्रण सुरू केलं होतं. काकूंनी नारळ आणला होता, तो लांब फोड असं काकांनी सांगितलं. मग मला आत बसवलं. मी दांडा धरला आणि नियमाप्रमाणे त्याच्याकडेच बघत राहिले. काका पुढे जाऊन उभे राहिले. डावं, म्हणाले. मी दांडा डावीकडे नेला. "डावं वर. ठीक. आता उजवं." ते आज जरा मोठ्याने बोलत होते. मी एकदाच चुकून वर पाहिलं तेव्हा ते पंखांकडे बघत होते आणि त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग ताई बसली. इंजिन सुरू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने दांडा एकदा डावीकडे नेला, एकदा उजवीकडे, आणि वैमानिक बघतात तसं प्रत्येक वेळी पंखाकडे पाहिलं. परत एकदा केलं. मग इंजिन बंद झालं. ती उतरली आणि म्हणाली, "बाबा, आज वारा बरोबर नाही."

वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी खांबाला सरळ खाली लोंबत होती. सगळ्यांनी ती पाहिली. काहीतरी वाईट झालंय हे ताईच्या चेहऱ्यावरून मला कळलं आणि मी ओढणीचं टोक हवेत धरून म्हणाले, "हो ना, सुटून राहिला थोडा." इतकी वर्षं सांभाळलेली बोली अशी नको तिथे बाहेर पडली. ओढणी हलली नाही.

"तुमच्या ओढणीला बरंच कळतं," काका मला म्हणाले. मग मुलीकडे वळले. "काय आहे?"

"वारा."

"खोटं बोलताना तू लहानपणापासून दाराकडे बघतेस." ती खरंच शेताच्या फाटकाकडे बघत होती. "बस आत."

ती म्हणाली, घरी जाऊन बघू ना. ते म्हणाले, बस. ती बसली. या वेळी काका मागे गेले, शेपटीपाशी, घरी उभे राहायचे तिथे. डावं, म्हणाले. डावी पट्टी खाली गेली. परत, म्हणाले. परत खाली गेली. त्यांनी पट्टीला हात लावला आणि थोडा वेळ तिथेच ठेवला.

मग ते लोकांसमोर येऊन उभे राहिले आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "एलरॉन उलटे जोडले गेलेत. जोडले मी आणि तपासलेही मीच. ही वर गेली असती तर परत आली नसती. पेढे परत न्या."

ताई म्हणत होती, सापडलं ना बाबा, यासाठीच तर तपासतात. ते म्हणाले, तुला सापडलं. लोक मान खाली घालून मिनीबसकडे गेले. कुणीही कुजबुजलं नाही, आणि पुण्यातल्या मंडळींनी अशी संधी सोडणं सोपं नसतं. सेक्रेटरी माझ्याजवळ आले आणि न विचारता मोबाइलवरचं चित्रण पुसून टाकलेलं दाखवलं. मला त्या क्षणी सगळ्याची लाज वाटली. माझ्या ओढणीची, बोलीची, आम्ही तिथे उभं राहून हे पाहिलं त्याची. ज्याने आमच्या चुका इतक्या शांतपणे टांगल्या त्याला स्वतःची चूक हातात धरून उभं राहिलेलं पाहण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता.

परतताना टेम्पोत मी त्यांच्या शेजारी होते. पंख जोडणारे ते, तपासणारेही ते, स्वतःचाच नियम त्यांनी कसा मोडला हे मला समजत नव्हतं, पण विचारायची हिंमत नव्हती. कात्रजच्या आसपास ते आपणहून बोलले. तपासायचं ताईने असं ठरलं होतं. पण पंख लागल्यावर ते पुढे गेले आणि त्यांना राहवलं नाही. "इतक्या वर्षांत मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं हो. ते स्वयंपाकघराच्या भिंतीत होतं." समोर उभं राहून ते म्हणत होते डावं वर, आणि बघत होते स्वतःच्या डाव्या हाताच्या पंखाकडे. विमानाचा तो उजवा पंख. शेपटीपाशी उभे राहिले असते तर एका नजरेत कळलं असतं.  

घरी आल्यावर ते फळीसमोर खुर्ची घेऊन बसले. अडचण अशी होती की टांगायला वस्तू नव्हती. केबली बरोबर लांबीच्या, बोल्ट घट्ट, एकही तुकडा वाया गेलेला नव्हता. काकू म्हणाल्या, नसेल वस्तू तर राहू दे की. त्यांनी ऐकलं नाही. सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा सगळ्यात वर, मुलीच्या फासळीशेजारी, नुसत्या खिळ्याला एक चिठ्ठी लटकत होती. सुवाच्य अक्षरात त्यांचं पूर्ण नाव आणि खाली कारण. 'आनंद'.

मी ते वाचलं आणि दुसऱ्याच्या घरात नको ते पाहिल्यासारखी घाईघाईने शेपटीखालून वाकून बाहेर पडले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की शेपटी आता तिथे नाही, विमान धावपट्टीवरच्या शेडमध्ये आहे. काकूसुद्धा पुढे कित्येक दिवस देवघराकडे जाताना वाकायच्या.

काका परत शेडकडे फिरकले नाहीत. काम झालं, म्हणायचे. रविवारी पंखाखाली बसायला कुणी यायचं नाही, कारण पंखच नव्हते. दिवाणखान्यात नुसता सोफा, आणि त्यावर ते. मला त्यांच्यासमोरून जिन्याकडे जायची लाज वाटायची, म्हणून मी गाणं गुणगुणत जायचे, त्याने आणखीच वाईट वाटायचं.

शेवटी ताई रजा घेऊन आली आणि वर्गातला त्यांचाच आवाज काढून म्हणाली, "बाबा, मी उडवणार आहे. केबली तुम्ही जोडायला या, मी तपासते. नाही आलात तर मीच जोडते, आणि तपासायला कुणी नाही."  तपासल्याशिवाय काम जाऊ देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदाच जिना चढून माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत. खाली बघत म्हणाले, "तुमच्याकडे ते नखांचं असतं का? दोन रंगांत?" माझ्याकडे एकच होतं, मरून रंगाचं. "एक पुरे. दुसरी बाजू कोरी." मी बाटली दिली. ती मुठीत लपवून खाली उतरले.

या खेपेला धावपट्टीवर आम्ही चौघंच. ना पेढे ना नारळ. काकांनी केबली जोडल्या, मरून खुणेचं टोक मरून खुणेला. मग स्वतः आत बसले आणि दांड्याकडे बघत राहिले. ताई शेपटीपाशी उभी राहिली. डावं, ते म्हणाले. वर, ती म्हणाली. उजवं. वर. परत. तिने त्यांना तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावली, आणि त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

ती बसली, इंजिन सुरू झालं, आणि विमान चालू लागलं तसे काका पाठ करून उभे राहिले. शेताकडे तोंड, हात मागे. चष्मा काढून काकूंच्या हातात दिलेला. मी म्हणाले, काका, बघा ना. "मी केलं. बघायचं दुसऱ्याने," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मी सांगत गेले. धावतंय. उचललं. वर गेली. प्रत्येकाला ते 'हं' म्हणायचे. काकू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. शेताच्या टोकाला लिंबाच्या झाडांवर गेल्यावर विमान एका बाजूला कललं.

"वळली," मी म्हणाले.

"कुठे?"

"डावीकडे."

या वेळी 'हं' आलं नाही. त्यांचे मागे बांधलेले हात घट्ट झालेले दिसले. "कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

 मी मनातल्या मनात ताईच्या सीटवर जाऊन बसले, तिचं तोंड होतं तिकडे तोंड केलं, आणि पुन्हा एकदा पाहिलं. "तिच्या," मी म्हणाले.

मग ते वळले. काकूंनी दिलेला चष्मा डोळ्यांना लावला आणि वर पाहिलं. विमान आमच्याकडे येत होतं, तोंड सरळ आमच्या दिशेने. काकांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, इतके की हनुवटी थरथरत होती. ते हसू नये म्हणून मिटले आहेत हे मला कळलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.